अझेलिया दरवर्षी मेमध्येच का मरतं? खान्देशातल्या कुंडीसाठी समस्या निवारण

डिसेंबर-जानेवारीत नर्सरीतून आणलेलं अझेलिया कळ्यांनी लगडलेलं असतं. संक्रांतीला भरभरून फुलतं. फेब्रुवारीअखेर फुलं संपतात, होळीच्या सुमारास शेंड्याची पानं पिवळट दिसू लागतात, आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) पानांच्या कडा करपतात आणि मेच्या मध्यावर कुंडीत नुसती काडी उरते. दोष उन्हाच्या माथी जातो. पुढच्या हिवाळ्यात नवं रोप येतं, यंदा त्याच्यावर शेडनेटही चढतं, आणि मेमध्ये पुन्हा तीच काडी.

ऊन कडक आहेच. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे डोंगरातल्या झाडाचं काय होणार! पण क्रम नीट पाहा. झाड आजारी पडतं मार्चमध्ये, खरं ऊन तापायच्या आधी. मेमध्ये ते फक्त मरतं. तोवर मुळं अधू झालेली असतात, आणि ती अधू करतं ते रोज घातलेलं बोअरचं पाणी. म्हणून इथे पाण्याचं आधी, कुंडीतल्या मिश्रणाचं नंतर आणि उन्हाचं त्याच्याही नंतर.

मुळात झाड कोणतं

अझेलिया म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच. उत्तराखंडाचा राज्यवृक्ष बुरांश आणि नेपाळचं राष्ट्रीय फूल लाली गुराँस हे एकच, त्याच कुळातलं मोठं झाड. बुरांश हिमालयात साधारण १५०० मीटरच्या वर वाढतो, त्याचा एक भाऊ निलगिरीत आहे. तोरणमाळ १,१५० मीटरच्या आसपास, म्हणजे खान्देशातली सगळ्यात थंड जागाही बुरांशाच्या खालच्या पायरीला पोचत नाही. सपाटीवर बुरांश लावायचा विचार सोडून द्या.

नर्सरीत मिळतं ते बुटकं, सदाहरित, मूळचं चीनच्या बाजूच्या जातीपासून तयार केलेलं कुंडीचं अझेलिया. धंद्यात त्याला ‘इंडिका’ म्हणतात, पण नावावर जाऊ नका. इंडिकम नावाची जी जात आहे तीसुद्धा जपानची. हे बुटकं झाड उन्हाळा सोसू शकतं, अट एकच: मुळं शाबूत हवीत.

मुळं कशी असतात ते एकदा कुंडीतून हुंडी, म्हणजे मुळांचा मिश्रणासकटचा गोळा, काढून बघाच. तपकिरी, केसाएवढी बारीक, एकमेकांत गुंतलेली, जणू ओला काथ्या. जास्वंद-गुलाबाच्या मुळांवर जी पांढरी लव असते ती इथे नाही. मुळं खोल जात नाहीत, वरच्या अर्ध्या फुटातच सगळा पसारा. अशी मुळं काळ्या मातीत घुसत नाहीत, क्षार सोसत नाहीत, एक दिवस कोरडी पडली तर परत जिवंत होत नाहीत आणि दोन दिवस पाण्यात बुडाली तर कुजतात. त्यांना ४.५ ते ६ पीएचची (पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आम्ल), भुसभुशीत, पालापाचोळ्याची जागा लागते. आपली काळी जमीन साडेसात ते साडेआठ. पीएचचा एक अंक म्हणजे दहापट फरक, दोन अंक म्हणजे शंभरपट.

पान बघून दोष ओळखा

औषध आणायला जाण्याआधी पिवळेपणा कुठल्या पानावर आहे ते बघा, जुन्या की नव्या.

शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यातल्या शिरा हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या: हा लोहाचा केवडा, म्हणजे लोह न मिळाल्याने पडणारा पिवळेपणा. उसावर किंवा आल्यावर चुनखडीच्या जमिनीत पडतो तोच. काळ्या मातीत लोह भरपूर आहे, पण चढ्या पीएचला ते विरघळत नाही. त्यामुळे कुंडीत गंजके खिळे खोचून काही होत नाही. गंज पाण्यात विरघळत नाही, मग मूळ घेणार काय?

खालची जुनी पानं सरसकट फिकी, शिरांसकट: नत्र कमी. खालच्या पानात शिरांमधला भाग पिवळा पण नवी पालवी चांगली: मॅग्नेशियम कमी. थंडीच्या तोंडावर खालची चार-सहा पानं पिवळी होऊन गळाली तर काळजी नको, सदाहरित झाडही जुनी पानं टाकतंच.

पानाचं टोक आणि कड तपकिरी, कुरकुरीत, मध्यभाग हिरवा: क्षार साचलेत, किंवा हुंडी आतून कोरडी आहे.

कुंडी ओली, तरी पूर्ण झाड मरगळलेलं, पानं मलूल: मूळकूज. बुंध्याशी नखाने साल थोडी खरवडा. आत हिरवं-पांढरं दिसलं तर आशा आहे. तपकिरी दिसलं तर नाही.

पानावर बारीक फिकट ठिपके, पान धुरकट: लाल कोळी. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, ठिपके चालायला लागले की समजा.

कळ्या तपकिरी होऊन न उमलताच वाळल्या तर बहुतेक वेळा हुंडी एकदा तरी कोरडी पडलेली असते. नाहीतर झाड उचलून पंख्याखाली, उबदार खोलीत ठेवलेलं असतं.

खान्देशात लोहाचा केवडा आणि करपलेल्या कडा या दोन खुणा बहुतेक एकत्रच दिसतात, कारण दोन्हींचं मूळ एकाच बादलीत आहे.

पाणी: खरा दोषी

ठिबकच्या नळीची तोटी पांढरी होऊन बंद पडते, बादलीच्या तळाला, गिझरच्या कॉइलवर खपली धरते. तेच क्षार कुंडीत जातात. हिशेब करून बघा. बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी (पीएच वर ढकलणारं बायकार्बोनेट) लिटरला ३०० मिलिग्रॅम धरली, १० इंची कुंडीला दिवसाआड एक लिटर पाणी घातलं, तर दिवाळी ते होळी या चार महिन्यांत ६० लिटर पाण्यातून १८ ग्रॅम चुन्याइतका परिणाम कुंडीत उतरतो. दीड मोठा चमचा चुना. कुंडीत मिश्रण असतं जेमतेम आठ लिटर. त्यातला काही भाग खालून वाहून गेला तरी उरलेला पीएच सहाचा सात-साडेसात करायला पुरतो. कुणी कुंडीत एकदम चमचाभर चुना टाकला तर आपण ओरडू. इथे तो थेंबाथेंबाने पडतो म्हणून दिसत नाही, एवढंच.

पाणी तपासताना एक चूक सर्रास होते. टीडीएसचा पेन बुडवून ‘पाचशेच तर आहे’ म्हणतात, किंवा पीएचची पट्टी साडेसात दाखवते म्हणून निश्चिंत होतात. टीडीएस म्हणजे सगळ्या क्षारांची गोळाबेरीज, आणि पाण्याचा पीएच म्हणजे त्या घडीची स्थिती. कुंडीचा पीएच वर ढकलतं ते बायकार्बोनेट, म्हणजेच अल्कलिनिटी. ती मोजायचं थेंबांचं किट माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘केएच किट’ म्हणून मिळतं. रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. बहुतेक किटांत एका थेंबाला साधारण १८ मिलिग्रॅम धरतात, किटावरचा कागद एकदा बघून घ्या. शंभराच्या आत आकडा आला तर पाणी चालेल. दोनशेच्या पुढे गेला तर त्याच पाण्यावर अझेलिया वर्षभर टिकवणं अवघड.

कोणतं पाणी वापरायचं? पहिली पसंती पावसाचं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दिवसाला अर्धा लिटर आणि मार्च ते मध्य जून दिवसाला सव्वा लिटर धरलं तर एका कुंडीला सुमारे २०० लिटर लागतं. सोपं गणित: एका कुंडीमागे एक ड्रम. १० फूट बाय १० फूट पत्र्याच्या शेडवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की एवढं पाणी जमतं, म्हणजे चांगला एखादा पाऊस पुरे. मृगाचा पहिला पाऊस पत्रा धुवायला सोडून द्या, दुसऱ्यापासून भरा. चुन्याच्या कोब्याच्या गच्चीवरचं पाणी घेऊ नका, ते वाटेतच चुना उचलतं. ड्रम गडद रंगाचा, झाकण घट्ट आणि तोंडाला बारीक जाळी, नाहीतर डासांची पैदास व्हायची.

एसीच्या नळीचं पाणी चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पण आपल्याकडे मेची हवा इतकी कोरडी की ऐन गरजेच्या महिन्यात ते थोडंच मिळतं. पावसाळ्यात भरपूर मिळतं, तेव्हा गरज नसते.

आरओचं शुद्ध पाणी चालतं. आरओची बाजूची नळी नाही! ‘पाणी वाया कशाला घालवायचं’ म्हणून ती नळी थेट कुंड्यांकडे वळवलेली अनेक घरांत दिसते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर जातं आणि गाळलेले सगळे क्षार त्यातच असतात. कडुनिंबाला, बोगनवेलीला घाला, अझेलियाला नको. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी त्याहून वाईट. दिवसभर पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, वर पुन्हा पाइप सोडून टाकी भरतात. वाळ्याच्या ताट्यांवर जो पांढरा थर बसतो तो आठवा.

दुसरा काहीच मार्ग नसला तर बोअरचं पाणी लिंबूसत्त्वाने मारून घ्यायचं. किराणा दुकानातलं साधं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. १० लिटरच्या बादलीला अल्कलिनिटी २०० असेल तर ३ ग्रॅम, ३०० असेल तर साडेचार ग्रॅम, ४०० असेल तर ६ ग्रॅम. सपाट एक छोटा चमचा साधारण साडेचार ग्रॅमचा. टाकून ढवळलं की बारीक बुडबुडे येतात, तो बायकार्बोनेटचा वायू. अर्धा तास थांबा, मग पट्टी लावा, साडेपाच ते सहा दिसायला हवं. साडेचारच्या खाली गेलं तर साधं पाणी घालून वर आणा. एक मर्यादा लक्षात ठेवा: लिंबूसत्त्व कुंडीतले जिवाणू खाऊन टाकतात आणि मारलेली अल्कलिनिटी काही अंशी परत येते. त्यामुळे हा उपाय अधूनमधून भागवण्यापुरता. ठिबकच्या अ‍ॅसिड ट्रीटमेंटसाठी आणलेलं अ‍ॅसिड घरातल्या कुंडीला लावायला जाऊ नका. तिथे एकरांची मापं असतात, इथे ग्रॅमची.

आंबट ताक, लिंबाच्या साली, चहाचा चोथा याबद्दल दर वेळी विचारणा होते. ताकात कॅल्शियम असतं आणि मुंग्या फुकट मिळतात. साखर-दुधाच्या चहाच्या चोथ्यावर बुरशी धरते, धुऊन टाकला तर निरुपद्रवी, पण पीएच हलण्याइतकं त्यात काही उरत नाही.

नवीन रोपाची कोरडी हुंडी

पाण्याइतकाच मोठा दुसरा दोष, आणि हा पहिल्याच आठवड्यात होतो. रोप बाहेरून येतं, हुंडी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पाचोळ्याची, मुळांनी गच्च भरलेली. प्रवासात ती सुकते. सुकलेलं कोकोपीट वरून घातलेलं पाणी पटकन शोषत नाही, उलट आक्रसतं आणि कुंडीच्या कडेपासून सुटतं. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, भोकातून बाहेर येतं, आपल्याला वाटतं झाड प्यालं. हुंडीचा गाभा मात्र ठणठणीत कोरडा. त्यातच काहीजण त्या हुंडीभोवती काळी माती भरतात. बाहेरची माती ओली, आतली हुंडी कोरडी, बोट घातलं तर ओलं लागतं, आणि झाड तहानेने मरतं.

रोप आणल्या दिवशी पिशवीसकट बादलीत बुडवा. बुडबुडे यायला लागतील. ते थांबेपर्यंत, साधारण २०-३० मिनिटं, तसंच राहू द्या. बाहेर काढून निथळू द्या आणि उचलून वजन हाताला लक्षात ठेवा. पुढे पाणी द्यायची वेळ ठरवायला बोटापेक्षा हे वजन जास्त खरं. निम्म्यावर आलं की पाणी.

कळ्या किंवा फुलं असताना कुंडी बदलू नका. फुलं संपली की महाशिवरात्रीच्या आसपास बदला, नाहीतर सरळ जुलैपर्यंत थांबा. मधल्या उन्हाळ्यात हुंडीला हात लावायचा नाही. बदलताना हुंडीच्या बाजूला चार ठिकाणी बोटाच्या पेराएवढ्या खोल उभ्या चिरा द्या, बाहेरची मुळं हाताने मोकळी करा. तसं केलं नाही तर मुळं नव्या मिश्रणात शिरतच नाहीत, वर्षभराने हुंडी जशीच्या तशी निघते.

कुंडी आणि मिश्रण

सिमेंटची कुंडी नको. नवी असो की जुनी, रंगवलेली असो की नसो. सिमेंटमधून चुना झिरपत राहतो, आणि आपल्याकडे नर्सरीबाहेर सगळ्यात जास्त दिसते तीच. मातीची किंवा प्लास्टिकची घ्या, रुंद आणि बसकी: तोंड १० ते १२ इंच, खोली ८ इंच. तळाला विटांचे तुकडे टाकत असाल तर त्यांना बांधकामाचा माल चिकटलेला नको.

मिश्रणात माती अजिबात नको. पोयटा नको, लाल मातीही नको. १० इंची कुंडीला लागतं ते असं: ४ लिटर धुतलेलं कोकोपीट, २ लिटर नीट कुजलेलं पानांचं खत (आंबा, जांभूळ, साग काहीही), १ लिटर परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे), १ लिटर पाइनच्या सालीचे तुकडे. ऑर्किडच्या सामानात साल मिळते. नाही मिळाली तर भुईमुगाची फोडलेली टरफलं चालतात. ती वर्षभरात कुजतात आणि कुजताना नत्र ओढतात, म्हणून पुढच्या वर्षी मिश्रण बदलायची तयारी ठेवा.

कोकोपीट धुणं टाळू नका. नारळाच्या काथ्यात सोडियम-पोटॅशचे क्षार असतात. ६५० ग्रॅमची वीट भिजली की आठ-नऊ लिटर होते. भिजवा, पिळा, पाणी फेका, असं तीनदा. तिसऱ्या पाण्याचा टीडीएस घातलेल्या पाण्याच्या जवळ आला की झालं.

वर्ज्य वस्तू: राख, अंड्याची टरफलं, हाडांचा चुरा, लोणारी कोळसा, भाताच्या तुसाची राख. ही सगळी पीएच वर नेतात. शेणखत आणि गांडूळखत इतर झाडांना अमृत असेल, इथे मूठभरापेक्षा जास्त नको, कारण दोन्ही क्षारयुक्त आणि उदासीन ते अल्कधर्मी.

झाड लावताना हुंडीचा वरचा भाग मिश्रणापेक्षा एक सेंटिमीटर वर राहू द्या. बुंधा पुरला की कुजतो. वरून दोन बोटं पाचोळ्याचा थर द्या, बुंध्यापासून थोडा लांब.

जमिनीत लावायचा मोह होतो, म्हणून हा हिशेब. दोन बाय दोन फूट, दीड फूट खोल खड्ड्यात सुमारे २०० किलो काळी माती असते. तिच्यात ५ टक्के चुनखडी धरली तर १० किलो चुना. एक किलो चुना मारायला ३२० ग्रॅम गंधक लागतं, म्हणजे एका खड्ड्याला तीन किलोच्या वर. ते कामाला लागायला महिने जातात, तोवर बोअरचं पाणी आणि बाजूची माती नवा चुना पुरवतच असतात. जमिनीत किती चुनखडी आहे ते बघायचं असेल तर कोरड्या ढेकळावर बाथरूम धुवायच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका, हातमोजे घालून. फसफसलं तर अझेलियाने कुंडीतच राहावं.

पिवळं पडलेलं झाड सावरायचं कसं

मुळं जिवंत असतील तर सहा-आठ आठवड्यांत फरक दिसतो. क्रम मात्र पाळा.

आधी कुंडी धुवा. पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी, कुंडीच्या अडीचपट: आठ लिटरच्या कुंडीला २० लिटर, हळूहळू, तासाभरात. दुसऱ्या दिवशी तपासणी. नेहमीसारखं पाणी द्या, अर्धा तास निथळू द्या, मग वरून १०० मिलिलिटर शुद्ध पाणी सोडा आणि खालून येणारे पहिले थेंब बशीत धरा. त्या पाण्याचा पीएच ५ ते ६ आणि टीडीएस ७०० च्या आत हवा. मातीचा पीएच दाखवणाऱ्या दोन दांड्यांच्या स्वस्त मीटरवर विश्वास ठेवू नका, हे बशीतलं पाणी खरं बोलतं.

मग लोह. कृषी केंद्रात तीन प्रकारचं मिळतं. हिराकस (फेरस सल्फेट) स्वस्त, पण बोअरच्या पाण्यात टाकलं की घटकाभरात पाणी लालसर होतं, म्हणजे लोह गंजून तळाला गेलं. हिराकस द्यायचंच तर शुद्ध पाण्यात, लिटरला २ ग्रॅम, सोबत १ ग्रॅम लिंबूसत्त्व, लगेच फवारा, संध्याकाळी. ईडीटीए चिलेटमधलं (चिलेट म्हणजे लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) लोह साडेसहाच्या वरच्या पीएचला सुटायला लागतं, म्हणून ते फवारणीला बरं. मुळांशी द्यायला ईडीडीएचए चिलेट, गर्द तांबडं. ते नऊच्या पीएचलाही टिकतं, महाग आहे, पण लागतं किती? एक ग्रॅम एक लिटर पाण्यात, १० इंची कुंडीला महिन्यातून एकदा. फरशीवर सांडलं तर डाग जात नाही, कुंडी आधी बाहेर घ्या.

जी पानं पिवळी झाली ती पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. नवी पालवी कशी येते ते बघा. नवं पान हिरवं आलं म्हणजे पाणी-मिश्रण जुळलं. लोह देऊनही नवं पान पिवळंच येत असेल तर पुन्हा लोह देत बसू नका, बशीतलं पाणी पुन्हा मोजा.

खत म्हणून अमोनियम सल्फेट, लिटरला १ ग्रॅम, जुलै ते फेब्रुवारी पंधरा दिवसांतून एकदा. ते पीएचही थोडा खाली ठेवतं. कॅल्शियम नायट्रेट नको. सुपर फॉस्फेट तर नकोच, जास्तीचा स्फुरद लोहाला अडकवतो. मॅग्नेशियमची खूण असेल तर एप्सम सॉल्ट लिटरला २ ग्रॅम, एकदा. होळी ते मृग कुठलंही खत नाही, झाड उन्हात तगायला धडपडत असतं.

ऊन आणि झळा

आता ऊन. मुळं चांगली असली की ही बाजू सांभाळता येते.

हिवाळ्यात पूर्वेचं कोवळं ऊन नऊ-दहापर्यंत हवंच. होळीनंतर थेट ऊन बंद. ५० टक्क्यांचं शेडनेट मार्चपर्यंत ठीक, एप्रिलपासून ७५ टक्क्यांचं लागतं. पण वरचं शेडनेट म्हणजे अर्धंच काम. केळीच्या बागेला पश्चिमेकडून वारारोधक का लावतात? तेच कारण इथे. एप्रिल-मेचा कोरडा गरम वारा पानातलं पाणी मुळं पुरवतील त्याहून वेगाने ओढतो. पश्चिम आणि नैऋत्य बाजू नेटने किंवा ओल्या गोणपाटाने बंद करा.

गच्चीवर ठेवू नका. स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो, झाडाला रात्रीचाही विसावा मिळत नाही. तळमजल्याला, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीशी, शक्यतो आंब्याच्या सावलीत. एसीचं बाहेरचं युनिट जवळपास नको.

पानांपेक्षा मुळांचा ताप जास्त घातक. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीवर दुपारचं ऊन आलं तर उन्हाच्या बाजूची मुळं शिजतात. म्हणून कुंडीत कुंडी: आतली कुंडी दोन-तीन इंच मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा, मधल्या पोकळीत वाळू भरा आणि ती वाळू दिवसातून दोनदा ओली करा. माठाचंच तत्त्व. आतली कुंडी प्लास्टिकची असेल तर वाळूला बोअरचं पाणी चालतं, मात्र आतल्या कुंडीचा तळ विटेवर टेकवून उंच ठेवा, म्हणजे ते पाणी आत शिरणार नाही.

पाणी सकाळी सहा-सातला. संध्याकाळी वजन बघून लागलं तरच. दुपारी पान मलूल दिसलं म्हणून लगेच पाणी ओतू नका. कुंडी उचला. जड असेल तर पान उन्हाने मान टाकतंय, सूर्य कलला की सावरेल. त्या वेळी ओतलेलं जास्तीचं पाणी मूळकुजीला बोलावणं. पानांवर बोअरचं पाणी फवारू नका, पांढरे डाग पडतात आणि गारवा टिकतो पाच मिनिटं.

लाल कोळी याच दिवसांत येतो. शुद्ध पाण्याचा जोरदार फवारा पानाखालून, एकाआड एक दिवस, आठवडाभर. नाही आटोक्यात आला तर संध्याकाळी निंबोळी तेल लिटरला ५ मिलिलिटर. भुकटी गंधक या उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

पाऊस लागल्यावर

जूनच्या शेवटी उलटा धोका. बशी काढून टाका, कुंडी विटांवर चढवा, संततधार असेल तर छपराखाली घ्या. वाफसा शब्द शेतीचा, पण कुंडीलाही लागू: ओल हवी आणि हवाही हवी. मूळकुजीची बुरशी मोसंबीच्या डिंक्याचीच भावंड, साचलेल्या पाण्यात पसरते. सुरुवातीलाच लक्षात आलं तर मेटॅलॅक्झिल-मँकोझेब २ ग्रॅम लिटरला, मुळांशी एकदा, पंधरा दिवसांनी पुन्हा. पूर्ण मलूल झालेलं झाड वाचत नाही. ते मिश्रणासकट टाकून द्या, कुंडी धुऊन उन्हात ठेवा, ते मिश्रण दुसऱ्या अझेलियाला वापरू नका.

छाटणीचं वेळापत्रक थंड प्रदेशातल्या पुस्तकांवरून घेऊ नका. तिथे फुलं संपताच छाटतात. आपल्याकडे फेब्रुवारीत छाटलं तर कोवळी पालवी नेमकी झळांच्या तोंडी येते. फेब्रुवारीत फक्त वाळलेली फुलं देठासकट मोडा. खरी छाटणी पाऊस स्थिरावल्यावर, जूनअखेर: लांबलेल्या फांद्या तिसऱ्या हिश्शाने कमी करा. नव्या फुटव्यांचे शेंडे जुलैत एकदा खुडा. श्रावणात कानबाई (खान्देशातला देवीचा सण) बसली की कात्री ठेवून द्या, त्यानंतर शेंड्यात पुढच्या कळ्या धरतात आणि खुडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे गेलेला गुच्छ. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री या कळ्यांना लागतातच. झाड तेव्हा उबेला घरात घेऊ नका, रात्री बाहेरच राहू द्या, दहा अंशांच्या आसपासचा गारठा त्याला हवा असतो.

छाटलेल्या फांद्या अंगणात शेळी किंवा वासरू पोचेल तिथे टाकू नका. ऱ्होडोडेंड्रॉनच्या पानाफुलांत ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं, शेळीला थोड्या पाल्यानेही ओकाऱ्या होतात, लाळ गळते, झोक जातात. फांद्या खड्ड्यात पुरा.